मदत हवी आहे: स्कारबरोचे नट-नट्या
मंडळी, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या स्कारबरो या समुद्रकाठच्या गावच्या कलाकारांवर वाचनकट्ट्यात दहा मिनिटं बोलायचंय. सिनेनट चार्ल्स लॉटन १८९९ मध्ये तिथल्या स्टेशनसमोरच्या व्हिक्टोरिया हॉटेलात जन्मला. घरचाच धंदा, त्यामुळे पोरगा आधी हॉटेलातच राबला. अभिनेत्री पेनेलोपी विल्टनही तिथलीच, १९४६ची. बेन किंग्जली खरं तर शेजारच्या स्नेंटन खेड्यातला, वाढला सॅल्फर्डकडे. पण 'गांधी'त आपल्या रोहिणी हट्टंगडींसमोर उभा राहिलेला माणूस, सोडवत नाही. ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल का?

घोडं अडलंय रंगभूमीपाशी. १९५५ मध्ये स्टीफन जोसेफ या दिग्दर्शकानं तिथल्या वाचनालयात चहूबाजूंनी प्रेक्षक बसवून नाटकं सुरू केली, एवढं माहितीय. पण मूळ गावचे, नाटकातच रमलेले कोण? नावं सुचवा ना, रविवारच्या आत.