मदत हवी आहे: ६ इंची ३६ चित्रं आणि २० फुटी भिंत, कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरच्या तिघी मैत्रिणी, तिघीही निवृत्त. ६×६ इंचाच्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढतो. एवढी लहान का, तर जेवणाच्या टेबलावर तेवढंच मावतं आणि सात वाजता टेबल रिकामं करून द्यावं लागतं. विषय गावचेच: फुटाळ्याची संध्याकाळ, बर्डीची गर्दी, इतवारीतली मिरचीची पोती, तर्री-पोहे. प्रत्येकीची १२, अशी ३६ चित्रं झाली. जानेवारीत तीन दिवसांसाठी एक छोटा हॉल घेतला आहे. २० फुटांची एकच भिंत, खिळा ठोकायला मनाई. वरच्या पट्टीला हुक अडकवून नायलॉनच्या दोरीने चित्रं सोडायची.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका हॉलमध्ये सामूहिक प्रदर्शनात माझी सहा चित्रं अशीच एका रांगेत लावली होती. समोर कुणाचे तरी चार-चार फुटी कॅनव्हास. लोक तिकडे तोंड करून उभे, आमच्याकडे पाठ. त्यात रांगेतला सातवा चौकोन म्हणजे हॉलचा स्विचबोर्ड, उंचीही नेमकी तीच. एक काका सहा चित्रं झपझप ओलांडून त्या स्विचबोर्डसमोर मात्र थबकले. अजून हसू येतं आणि वाईटही वाटतं.

माझ्या तर्री-पोह्याच्या प्लेटीत चण्याचा प्रत्येक दाणा वेगळा रंगवला आहे, तर्रीवर तेलाचा तवंगही आहे. पण ते दिसायला माणूस दीड फुटावर यायला हवा. जुनी लघुचित्रं हातात धरून बघायची म्हणून त्यांना ही अडचण नव्हती. आणि नुसत्या आकाराचं म्हणाल तर डालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र (१९३१) २४×३३ सेंमी आहे, वर्मीरची लेस विणणारी मुलगी त्याहून लहान. छापलेलं बघून मला तर ती भिंतभर असतील असं वाटायचं. म्हणजे लहान असणं हा गुन्हा नाही. माणसाला जवळ कसं आणायचं, एवढंच विचारायचं आहे.

फ्रेमवाल्याकडे गेले तर तो म्हणे, "एवढ्याशा चित्राले फ्रेम काहाले लावता जी? फ्रेमच दिसन!" धंदा सोडून खरं बोलणारा माणूस, पण त्याचं ऐकावं का?

आणखी एक. मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली चार चित्रं बबल रॅपला चिकटली, सोडवल्यावर आकाशभर गोल वळ उठलेले. नवीन चित्रं हॉलवर न्यायची आणि उन्हाळाभर ठेवायची कशात?

प्रतिसाद

ताई, फ्रेमवाल्याचं ऐका. खोल फ्रेमवर वरून लाईट पडला की सहा इंचातला वरचा अर्धा इंच सावलीत जातो. कॅनव्हासच्या कडा रंगवून टाका, पुरे. स्पॉटलाईट मिळाले तर उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत तिरपे धरा. पाठीमागून लाईट आला तर जवळ येणाऱ्याची स्वतःचीच सावली चित्रावर पडेल.

ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, आपल्या ४५ अंशांत ते मऊ पडून चिकटणारच. आधी बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आणि माळा विसरा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत उभी ठेवा.

प्रतिसाद

दोरीने लहान चित्र सोडू नका. वजन नसतं, पंखा लागला की गिरक्या घेतं. त्यापेक्षा ८×४ फुटी प्लायचे दोन तुकडे आणून मधोमध कापा, चार फुटांच्या चार पाट्या होतील. फिकट राखाडी रंग द्या. खिळे पाटीला मारा, भिंतीला नाही. पाटी दोन साखळ्यांनी पट्टीला टांगा, फक्त पट्टी किती वजन घेते ते हॉलवाल्याला आधी विचारा. प्रत्येक पाटीवर ९ चित्रं, मध्ये चार-चार इंच जागा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, इथे तो अख्ख्या पाटीचा धरा. लांबून एक मोठं चित्र दिसेल, लोक जवळ येतील.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. कागद आजच आणला. पण ९-९ केली तर आमची सरमिसळ होते, आणि जमिनीवर मांडून पाहिलं तर मैत्रीण म्हणाली, "बाथरूमच्या टाइल्स वाटतात गं." १२-१२ च्या तीन पाट्या करू का? हिशेब केला, आडवी चार आणि उभी तीन, रुंदी ३६ इंच होते, म्हणजे बसतात. चौथी पाटी मग परत करते.

प्रतिसाद

परत करू नका. चौथ्या पाटीवर एकच चित्र लावा, बरोब्बर मध्ये, आणि ती पाटी दाराजवळ ठेवा. चार फुटांत सहा इंच दिसलं की माणूस "हे काय आहे" म्हणून जवळ जातोच. एकदा जवळ गेला की पुढच्या पाट्याही जवळूनच बघतो. टाइल्स वाटत असतील तर प्रत्येक पाटीवर एक-दोन जागा रिकाम्या सोडा.

मूळ प्रश्नकर्ती

हे पटलं, तिघींनाही. प्लाय शनिवारी येतोय. आता नवाच प्रश्न उभा राहिलाय, ते एकटं चित्र कुणाचं? मी तर्री-पोहे म्हणतेय, बाकीच्या दोघी गप्प आहेत. चिठ्ठ्या टाकू, की रोज एकीचं लावू?