शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक पडलंय, फांदी तोडू की ठेवू?

कृष्णाकाठ:
वाईजवळच्या गावात आमचं दोन गुंठ्यांचं परस आहे. फाल्गुन लागला तशी तिथे सकाळपासून पक्ष्यांची वर्दळ सुरू झालीय. बांधावरचा पांगारा पानं झडून लालभडक, त्यावर भोरड्यांचा नुसता गलका. थंडीभर गप्प असलेला दयाळ उजाडायच्या आत पत्र्याच्या कडेला बसून गातो. जांभळा शिंजीर डिसेंबरात पिवळट पोटाचा होता, गळ्यापासून खाली एकच काळी रेघ. आता अंगभर काळा-जांभळा झालाय, उन्हात चमकतो.

प्रश्न शेवग्याचा आहे. त्याची एक फांदी मागच्या पावसाळ्यात वाळली. तिला खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक दिसतंय आणि धुण्याच्या दगडावर रोज भुसा पडतो. दिवसभर टुक टुक टुक. अण्णा (सासरे) म्हणतात, शेंगा उतरल्या की झाड छाटायचं, वाळकी फांदी सगळ्यात आधी. काय सांगू त्यांना?

शिवारफेरी:
ताई, तांबट पक्षी आहे तो. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ आणि गळ्याखाली लाल. नर-मादी दिसायला सारखेच, आणि घरटं दोघं मिळून कोरतात. चोच सुतार पक्ष्यासारखी दणकट नसते, म्हणून वाळकं, मऊ लाकूड शोधतात. शेवगा त्यांना फार सोयीचा. भोक खालच्या बाजूला असलं की वळवाचं पाणी आत शिरत नाही. फांदी अजिबात तोडू नका.

पाटणची_काकू:
छाटणी थांबवायची गरज नाही गं. शेवगा छाटला की जोमानं फुटतो, बाकीच्या फांद्या खुशाल काढा. तेवढी एक ठेवा, पिल्लं उडून जाईपर्यंत तरी. फार डुलत असेल तर खालून बांबूचा टेकू द्या. आमच्याकडे एकदा अशीच फांदी जळणाला तोडली होती. चुलीपुढे फोडली तर आत तीन पांढरी अंडी. माझी आई त्या दिवशी जेवली नाही.

कृष्णाकाठ:
काकू, तुमचं लिहिलेलं अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच खुर्ची घेऊन शेवग्याखाली बसले. अर्ध्या तासानं भोकातून लाल कपाळ बाहेर आलं, चोचीत भुसा, तो खाली टाकून परत आत. आज सकाळी बघते तर वाळक्या फांदीला लाल चिंधी बांधलेली, छाटायला येणाऱ्या गड्याला कळावं म्हणून. धुण्याचा दगडही त्यांनी हौदाकडे सरकवलाय.