मदत हवी आहे: बाबांचा घडीचा फोन, पेसमेकर आणि डावा खिसा

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नेरुळला, आई-बाबा ठाण्याला नौपाड्यात. बाबा ७६ वर्षांचे. मार्चमध्ये त्यांना पेसमेकर बसवला, डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. डाव्याच कानात श्रवणयंत्र आहे. उजवा कान वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या प्रेस शॉपने (पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा विभाग) तीस वर्षांत केव्हाच खाऊन टाकला.

मे महिन्यात त्यांना 'पोलिसांचा' व्हिडिओ कॉल आला. तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. बाबा पाऊण तास पुतळ्यासारखे बसून. शेवटी आई स्वयंपाकघरातून आली आणि पडद्यात डोकं घालून म्हणाली, "कुठल्या चौकीचे तुम्ही? आम्ही इथेच राहतो, आत्ता येतो दोघं." तिकडून फोन बंद. पैसे वाचले, पण बाबांनी त्या दिवसापासून स्मार्टफोनला हात लावलेला नाही.

म्हणून हा घडीचा फोन घेतला. फोर जी, मोठी बटणं, बाहेरच्या बाजूला छोटा पडदा, कडेला एसओएसचं लाल बटण. बाबा खूश. झाकण मिटलं की 'टप्प' वाजतं ते त्यांना फार आवडतं. फोन ठेवल्यासारखं वाटतं म्हणे.

आता रडगाणं. कोणाचा फोन आहे हे बघायला ते झाकण उघडतात आणि उघडताक्षणी कॉल उचलला जातो, पलीकडे कर्ज देणारी मुलगी. माझ्याशी बोलताना स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवतात आणि सवयीने झाकण मिटतात, की मी गेले. मागच्या गुरुवारी पहाटे साडेचारला एसओएस वाजला: मला, भावाला, आत्याला. आम्ही तिघंही चपला घालून तयार. बाबा गाढ झोपलेले, फोन उशीखाली.

पण खरी काळजी वेगळीच आहे. फोन शर्टाच्या डाव्या खिशात असतो. पेसमेकरची जी गाठ हाताला लागते ना, तिच्या चार बोटं खाली. भाचा म्हणतो घडीच्या फोनात चुंबक असतं. खरं आहे का? डिस्चार्जच्या कागदावर 'मोबाइल लांब ठेवावा' इतकंच लिहिलंय. लांब म्हणजे किती? चाळीस वर्षं त्या खिशात पेन, पास आणि घडी घातलेला कागद राहिलाय. तो खिसा बाबांना सोडवत नाही.

निवृत्त_पण_व्यस्त

ताई, सोपा उपाय सांगतो. फोनला दोरी लावून गळ्यात अडकवा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांनी तसंच केलंय. खिशाचा प्रश्नच मिटला.

टवाळ

आईंना सायबर सेलमध्ये घ्या राव.

कॅथलॅब

दोरी नको! माफ करा काका, पण गळ्यातला फोन नेमका पेसमेकरवर येऊन लोंबतो, आणि वाकलं की आपटतो. बाकीच्यांना चालेल, यांना नाही.

मी कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी, पेसमेकर वगैरे करतात तिथे) तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. लांब म्हणजे १५ सेंटीमीटर, आपले सहा इंच. मोबाइल आणि स्मार्टवॉचमध्ये चुंबकं येऊ लागल्यावर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही पेसमेकरवाल्यांना हेच अंतर सांगितलं. डावा खिसा त्यात बसत नाही.

घाबरू मात्र नका. चुंबक जवळ आलं म्हणून पेसमेकर बंद पडत नाही. हृदयाचे स्वतःचे ठोके न जोखता तो ठरावीक वेगाने ठोके देत बसतो, इतकंच. चुंबक लांब नेलं की पुन्हा पहिल्यासारखा. तपासणीत आम्ही कधी कधी मुद्दाम चुंबक ठेवून तेच बघतो. ज्यांना शॉक देणारं आयसीडी बसवलंय त्यांची गोष्ट वेगळी, तिथे चुंबकाने शॉक देणं तात्पुरतं थांबू शकतं. तेव्हा बाबांचं नेमकं कोणतं यंत्र आहे ते कार्डावर बघून घ्या.

फोन पेसमेकरच्या उलट बाजूच्या कानाला लावायचा असतो. तुमच्याकडे तोच कान गेलेला. मग टेप घ्या आणि मोजा. फोन कानाला लावल्यावर त्याचं खालचं टोक गाठीपासून किती इंचांवर येतं? इअरफोनचा विचार करत असाल तर त्याच्या बोंडातही चुंबक असतं, वापरून झाल्यावर गळ्यात लोंबत ठेवायचे नाहीत.

पिनहोल

भाचा बरोबर बोलतोय. ठाणे स्टेशनाबाहेर मोबाइल रिपेरिंगचं काम करतो, घडीचे फोन आता कमी येतात पण येतात. झाकण मिटलंय हे फोनला कळावं म्हणून बहुतेक मॉडेलमध्ये एका अर्ध्या भागात तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक असतं आणि समोरच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. शिवाय कानाच्या स्पीकरमध्ये चुंबक असतंच, ते कुठल्याही फोनात. घरी बघायचं तर एक टाचणी झाकणावरून हळूहळू फिरवा.

कॉलचं सोपं आहे. सेटिंगमध्ये कॉलच्या आत 'उघडताच कॉल घ्या' अशा अर्थाचं काहीतरी असेल, ते बंद करा. मग झाकण उघडलं तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय कॉल लागणार नाही. आणि मुळात नाव बाहेरच्या पडद्यावर येतं, उघडायची गरजच नाही, तेवढं शिकवा. मिटल्यावर कॉल तुटणारच, तो घडीच्या फोनाचा धर्म आहे. स्पीकर लावला की फोन तंबूसारखा उभा करून ठेवायला सांगा. उभा दिसला की हात मिटायला जात नाही.

एसओएसचं बटण बंद करू नका. घडीच्या फोनात आतली बटणं झाकलेली असतात, त्यामुळे खिशात नंबर लागत नाही. पण हे बटण बाहेर असतं, उशीखाली तेच दाबलं जातं. फोन उशीखाली नकोच. चार्जिंगला लावून तर अजिबात नको, गादीत उष्णता अडकते.

कांदाभजी

अवांतर, पण उपयोगी. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला की ११२ ला कॉल जातो. लाल बटण घरच्यांना, आकडा पोलिसांना, असं दोन्ही सांगून ठेवा. एसओएसच्या यादीत पहिला नंबर अशा माणसाचा ठेवा जो खरंच उचलतो. काही फोन एकाने उचललं की पुढे जात नाहीत, आणि मध्येच एखाद्याचा व्हॉइसमेल लागला तर फोनला वाटतं काम झालं.

आणि तो मे महिन्यातला नंबर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कळवलात का? पैसे गेले नसले तरी कळवावा.

जुनं_ते_सोनं

माझ्या कपाटात २००६ साली घेतलेला मोटोरोला रेझर आहे, चालू. काय फोन होता! एका हाताने झटका देऊन उघडायचा आणि ऑफिसात सगळे बघायचे. बाबांना हवा असेल तर देतो, वाशीला येऊन घेऊन जा.

पिनहोल

काका, मन मोठं आहे तुमचं, पण तो टू जी. जिओकडे टू जी नाहीच, ते सिम त्यात चालणार नाही. आणि झटका देऊन उघडलेले फोनच आमच्याकडे यायचे. बिजागरीतून एक पातळ पट्टी जाते, तिच्यावरूनच वरचा पडदा आणि स्पीकर चालतो. झटका बसला, किंवा उघडा फोन आणखी मागे वाकवला, की ती चिरते. आधी पडद्यावर रेघा, मग पांढराफटक, मग आवाज गेला. ताई, बाबांना दोन हातांनी उघडायला सांगा. पँटच्या मागच्या खिशातही नको, बसताना सगळं वजन बिजागरीवर येतं.

आजीचा_चष्मा

आणि रेडिएशनचं काय? छातीला चिकटून असतो फोन दिवसभर.

कांदाभजी

*#०७# दाबा, फोनचा एसएआरचा, म्हणजे शरीरात किती रेडिएशन शोषलं जातं त्याचा, आकडा येईल. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, त्याच्या आत असला की झालं. इथे प्रश्न चुंबकाचा आणि अंतराचा आहे हो.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. रविवारी ठाण्याला गेले होते, तो वृत्तांत.

टाचणी फिरवली. झाकणावर कानाच्या जागी चिकटली आणि खाली उजव्या कोपऱ्यात पुन्हा चिकटली. भाचा इतका रंगला की फ्रिजवरचं चुंबक घेऊन आला आणि उघड्या फोनच्या बटणांकडच्या कोपऱ्याशी धरलं. पडदा विझला! काढलं, पेटला. हे सगळं बाबांना गॅलरीत बसवून, आम्ही आतल्या खोलीत.

मग टेप. आईच्या शिलाईच्या डब्यातली. डाव्या खिशात फोन: अडीच इंच. कानाला लावल्यावर खालचं टोक: साडेपाच. म्हणजे अर्ध्या इंचाने नापास. बाबा म्हणाले, "अर्धा इंच काय, पूर्वी आम्ही अर्धा मिलीमीटर धरत होतो." मग कानाला लावून धरायचाच नाही का? आणि आता खिसा कोणता?

कॅथलॅब

श्रवणयंत्र कानामागे अडकवायचं आहे की कानात बसणारं?

खाडीपलीकडे

कानामागचं.

कॅथलॅब

मग उत्तर तुमच्या हातात आहे. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो, भोकाशी नाही. लोक फोन नेहमीसारखा भोकाला लावतात आणि ऐकू येत नाही म्हणून आणखी दाबतात, मग यंत्र शिट्टी मारतं. फोनचा वरचा भाग जरा वर आणि मागे सरकवायला सांगा, माइकच्या जवळ. ऐकूही नीट येईल आणि खालचं टोकही छातीपासून वर जाईल. पुन्हा मोजा. यंत्रात टी मोड (फोनचा आवाज माइकऐवजी आतल्या कॉइलने थेट घेण्याची सोय) आहे का तेही ऑडिओलॉजिस्टला विचारा. तो असेल आणि फोनच्या खोक्यावर टी ४ किंवा टी ३ लिहिलेलं असेल तर आजूबाजूचा गोंगाट बराच कमी होतो. आणि पुढच्या तपासणीला जाताना फोन बरोबर न्या, डॉक्टरांसमोर धरून दाखवा. ते सांगतील ते अंतिम.

खिसा उजवा पँटचा, पुढचा. दुसरा पर्याय कमरेचा पाउच.

निवृत्त_पण_व्यस्त

दोरीचा सल्ला मागे घेतो. आमच्या संघातही दोघांना पेसमेकर आहे, उद्याच सांगतो.

खाडीपलीकडे

दहा दिवसांनी येतेय, क्षमस्व. मध्ये एक प्रकरण झालं.

तलावपाळीवर बाबा पावसात सापडले. फोन पँटच्या उजव्या खिशात (शिकले!), पण पँटच भिजली. घरी येऊन आईने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला. पिनहोल, तुम्ही ऑनलाइन नव्हता म्हणून फोनवर मीच सांगितलं: आधी बंद करा, मागचं झाकण काढून बॅटरी आणि सिम बाहेर, आणि बाकी पंख्याखाली. बरोबर केलं का? दोन दिवसांनी चालू झालाय, पण उघडताना 'कर्र' होतं.

पिनहोल

अगदी बरोबर. तांदळाने ओल ओढली जात नाही तशी, उलट कण्या आणि पीठ बिजागरीत जातं. 'कर्र' ते तांदूळच असणार. मऊ ब्रशने झटका, तेल-बिल काही घालू नका. पडद्यावर रेघ दिसली किंवा आवाज तुटायला लागला तर आणा, आत ओल राहून पट्टी गंजत असेल. आणि महिनाभर बॅटरीवर लक्ष ठेवा. मागचं झाकण नीट बसेनासं झालं तर बॅटरी फुगलीय, लगेच बदला. टोचून बघू नका, केराच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. नवी घेताना त्यावर बीआयएसचा शिक्का आणि आर ने सुरू होणारा नंबर आहे ना ते बघा, स्टेशनाबाहेर दीडशेला मिळते ती घेऊ नका. माझ्याच शेजारचा विकतो, तरी सांगतोय.

टवाळ

शेजारी हा धागा वाचत नसो.

खाडीपलीकडे

ब्रशने झटकलं, कणीच निघाली.

पुन्हा मोजलं. वर आणि मागे सरकवून धरला की खालचं टोक सात इंचांवर येतं. कालच्या तपासणीत डॉक्टरांनी धरून बघितलं, असाच धरा म्हणाले. टी मोड आहे यंत्रात, आजवर कोणी चालू करून दिला नव्हता! यंत्र साधा पेसमेकर आहे, आयसीडी नाही.

डाव्या खिशाचं काय झालं विचाराल. चार दिवस फोन परत परत तिथेच. बाबांची चूक नाही, खिसा रिकामा दिसला की हात जातो. आईने पेसमेकरचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या खिशात ठेवलं आणि वर दोन टाके मारले, निघू नये म्हणून. आता हात गेला तर कार्ड लागतं आणि फोन खाली जातो. धुवायला टाकताना उसवावं लागतं, त्यावर आई कुरकुरतेय.

एक राहिलं. बाबा आता मराठीत मेसेज पाठवायला शिकलेत, बटणं दाबून दाबून, आणि देवनागरीत सत्तर अक्षरांपुढे गेलं की दुसरा मेसेज धरला जातो हे त्यांना कळलंय. त्यामुळे तार पाठवल्यासारखं लिहितात. आज सकाळी ट्रान्स हार्बरच्या फलाटावरून आलेला: 'गाडी उभी. खिडकी मिळाली. फोन उजव्या खिशात.'