विषय: "आपल्यात खात नाहीत" याच्यापलीकडचं कारण सांगाल का?

प्रेषक: मांजलपूर

नमस्कार मंडळी,

एरवी मी आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या या लिस्टवर फक्त कार्यक्रम किती वाजता आणि पास कुठे मिळतील एवढंच विचारायला लिहिते, पण आज जरा वेगळं आहे. माझा मुलगा मेलबर्नला असतो हे बऱ्याच जणांना माहितीये, यंदा सुट्टीवर आला तो व्हीगन होऊनच आला. मटण-मासे आमच्याकडे नव्हतेच कधी, पण आता दूध नाही, दही नाही, वरणभातावर तूप घातलं तर ताट बाजूला सरकवतो आणि दुसरा भात वाढून घेतो. मी चिडले, म्हटलं हे काय नवीन, तर मला म्हणाला, आई तू मटण का नाही खात ते आधी सांग. मी म्हटलं आपल्यात खात नाहीत. तर म्हणे हे तुझं कारण कुठे झालं, हे तर आजीचं झालं. तेव्हापासून पोळ्या लाटतानासुद्धा डोक्यात तेच चाललंय आणि मला खरंच दुसरं उत्तर सापडत नाहीये.

तर जे खातात, जे खात नाहीत, ज्यांनी सोडलं, ज्यांनी सुरू केलं, सगळ्यांनी आपापलं खरं कारण लिहा ना. चिरंजीवांनाही या लिस्टवर घेतलंय. वाद नको, इथे आजोबांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सगळे वाचतात.

---

प्रेषक: वाडी

राम कृष्ण हरी ताई,

माझं कारण गळ्यात आहे. आमचं घराणं गायकवाडांबरोबर इकडे आलेल्या मराठ्यांतलं, देवीला मटणाचा नैवेद्य, खंडेनवमीला शस्त्रं पुजली की वाड्यात मागच्या चुलीवर मोठं पातेलं चढायचं, अजूनही चढतं, भाऊ करतो सगळं. मी मात्र पंढरपूरला जाऊन माळ घातली. लोकांना वाटतं मला मटणाची शिसारी आली म्हणून सोडलं. तसं काहीच नाही. खरं सांगतो, मला दारू सोडायची होती आणि ती नुसती शपथ घेऊन सुटत नव्हती, घरात फार वाईट दिवस आले होते. आमच्या महाराजांनी सांगितलं माळ घाल, पण माळ घातली की दोन्ही सोडावं लागेल, दारू पण आणि मांस पण. मी म्हटलं सोडतो. ते जमलं. आज मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून देवउठी एकादशीचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो तेव्हा मी त्याच्यापुढे टाळ घेऊन असतो, हे माझ्या बायकोने मागितलं होतं देवाकडे.

पण रस्सा उकळायला लागला की अजून तोंडाला पाणी सुटतं, ते मी लपवत नाही. वास आवडेनासा झाला असता तर त्यात व्रत कसलं. आणि भावाच्या ताटाकडे बघून मला कधी वाईट वाटत नाही, त्याचा नैवेद्य त्याच देवीचा आहे जिच्या पाया मी पण पडतो.

---

प्रेषक: अलकापुरी

ताई, तुमच्या चिरंजीवांचा प्रश्न चांगला आहे, पण त्यांना आधी एक गोष्ट विचारा, बी-ट्वेल्व्ह तपासलंय का?

मी आयुष्यभर ओपीडीत बसलोय म्हणून हे आधी लिहितो, कारण नंतर. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, चिडचिड, विसरायला होणं, आणि माणूस म्हणतो वय झालं. वय कुठे, बी-ट्वेल्व्ह कमी. हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात, कुठल्याही भाजीत, डाळीत, फळात ते वापरण्यासारखं मिळत नाही. मांस, मासे, अंडी, दूध, दही यातूनच मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि मोठ्या कपभर दुधात त्यातलं जेमतेम एक येतं, म्हणजे चहात घातलेल्या दोन चमचे दुधावर कोणाचं भागत नाही. पुण्याच्या के.ई.एम.मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते, 2006 मध्ये ते छापून आलं, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं तर अजून कमी होत जातं. लिव्हरमध्ये साठा असतो त्यामुळे दूध-दही सोडल्यावर लगेच काही कळत नाही, वर्षं जातात आणि मग एकदम पाय बधिर. शिवाय पालेभाजीतलं फोलिक अॅसिड भरपूर असलं तर रक्तात दोष दिसत नाही आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. उपाय अगदी स्वस्त आहे, गोळी. व्हीगन माणसाने ती घेतलीच पाहिजे, यात मताचा प्रश्न येत नाही.

आता माझं कारण. आम्ही देशस्थ, घरात अंडंसुद्धा नव्हतं. मेडिकलला असताना होस्टेलवर मित्रांनी खूप आग्रह केला, ताटात घेतलंही, पण घास उचलेना. धर्म वगैरे काही मनात नव्हतं, पोटातूनच नको वाटलं आणि अजून वाटतं. मी याला कधी पुण्य म्हणालो नाही. पेशंटला गरज असेल तेव्हा अंडी खा असं मी स्वतः सांगत आलोय, ज्यांना चालतात त्यांना.

---

प्रेषक: मेलबर्न

काका, गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, आई काळजी करू नकोस.

माझं कारण सांगतो. बारावीच्या सुट्टीत आणंदजवळ एका मित्राच्या गावी गेलो होतो, त्यांच्याकडे म्हशी होत्या, पहाटे दूध काढून केटल घेऊन डेअरीवर जायचं, फॅट मोजून पैसे, मला ते सगळं खूप भारी वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं की 1946 पासून त्या शेतकऱ्यांनी जे उभं केलं ते मोठंच आहे. पण गोठ्याच्या कोपऱ्यात एक पाडा, म्हणजे म्हशीचं नर पारडू, बांधलेला होता, बरगड्या मोजता येतील असा. पाडी असेल तर तिला नीट पाजतात, पाडा असेल तर आईला पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू देतात आणि ओढून घेतात. मी विचारलं याचं पुढे काय, मित्राचे वडील काही बोलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना तो परवडतच नव्हता. इथे ऑस्ट्रेलियात सगळं हिशेबाने होतं, डेअरीच्या नर वासरांना बॉबी काफ म्हणतात आणि त्यातली बरीचशी जन्मल्यावर थोड्याच दिवसात कत्तलखान्यात जातात. म्हणजे दुधाच्या मागे मांस आहेच, फक्त आपल्या ताटात ते येत नाही. हे कळल्यावर मला मटण न खाणं आणि श्रीखंड खाणं यात आई जेवढा फरक मानते तेवढा मानता येईना.

अजून एक. गांधीजींचं मला शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. त्यांनी राजकोटला असताना मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्लं होतं आणि रात्री पोटात बकरी ओरडतेय असं वाटून झोप लागली नव्हती. 1888 ला विलायतेला जाताना आईला वचन दिलं म्हणून तिथे ते अर्धपोटी राहिले, पण त्या काळात त्यांचं मत काय होतं, की सगळ्या हिंदुस्थान्यांनी मांस खावं, मी फक्त वचनात अडकलोय. मग लंडनच्या एका शाकाहारी खानावळीत पुस्तक मिळालं, ते वाचून पटलं आणि त्यानंतर ते स्वतःच्या इच्छेने शाकाहारी झाले. आई, मी तुला तेवढंच विचारत होतो, की तू वचनात आहेस की तुला पटलंय. दोन्ही चालेल मला, तूप मात्र वाढू नकोस.

---

प्रेषक: कारेलीबाग

सगळ्यांचं वाचलं आणि मग राहवलं नाही, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही सीकेपी. मी खाते आणि मला खायचंय. कारण विचाराल तर माझी आई. ती गेली तेव्हा तिच्या पाठीमागे दागिने फारसे नव्हते, पण सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी माझ्या हातात होती. अलिबागहून मावशी अजून सोडे पाठवते, वर्तमानपत्रात गुंडाळून, मग प्लास्टिक, मग डबा. ते कोमट पाण्यात भिजवायचे, एकेकाचा काळा दोरा काढायचा, ओलं खोबरं-कोथिंबिरीचं वाटण लावायचं आणि तांदळाबरोबर शिजू द्यायचे. तो वास आला की माझ्या मुलीला तिची आजी कळते, जिला तिने नीट पाहिलंही नाही. आमच्याकडे वालाचं बिरडं पण तेवढ्याच मानाने होतं, सोललेले वाल मोडू नयेत म्हणून हलक्या हाताने ढवळायचं, त्यामुळे कोणी आम्हाला नुसते मांसाहारी म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. आणि पावसाळ्यात भरुचकडे भाडभूतला नर्मदेत हिलसा मासा चढतो, तो कोणी आणून दिला की त्या दिवशी आमच्याकडे सणच असतो. गुजरातमध्ये राहून आम्ही काही परक्यासारखं खातोय असं मला कधी वाटलं नाही.

पण माझं लिहायचं वेगळंच होतं. आम्ही फ्लॅट बघत होतो तेव्हा एका सोसायटीत सगळं ठरलं, बयाण्यापर्यंत आलो, आणि मग हळूच विचारलं, तुम्ही नॉनव्हेज तर नाही ना. आडनावावरून शंका आली असणार. मिस्टर खरं बोलले आणि फ्लॅट गेला. दुसरीकडे त्यांनी तोंड बंद ठेवलं म्हणून घर मिळालं, ज्या घरात मी आज राहते. तेव्हापासून सोडे करायचे तर दुपारी, जेव्हा शेजारचे ऑफिसला असतात. खिडक्या लावून, एक्झॉस्ट लावून, वर धूप. अंड्याची टरफलं मी फरसाणाच्या पिशवीत भरते, लीलो चेवडो आणलेली हिरवी पिशवी, आणि ती पर्समध्ये घालून खाली दूरच्या कचरापेटीत टाकून येते. माझी मुलगी एकदा मैत्रिणीसमोर पटकन म्हणाली आम्ही प्युअर व्हेज. शाळेत जाणारं पोर. मी तिला रागावले नाही पण त्या रात्री मला खूप रडू आलं. त्या वाक्यात तिची आजी पुसली गेली.

आमच्याच बिल्डिंगमध्ये आपल्यातली अजून काही घरं आहेत, त्यांनी सोडून दिलं. त्यातल्या एक बाई मला म्हणतात बघ आम्हाला तर आता इच्छाच होत नाही, आणि मुंबईला भावाकडे गेल्या की पापलेट खातात, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. पण वाडीच्या दादांनी सोडलं ते आणि यांनी सोडलं ते, दोन्हीला शाकाहार म्हणायचं का? दादांनी दारूशी झगडून माळ घातली, मेलबर्नच्या लेकाने पाडा पाहिला, डॉक्टरकाकांच्या पोटाला चालत नाही. ही सगळी माझ्या लेखी कारणं आहेत, मान देण्यासारखी. घाबरून सोडलं त्याला मी काय म्हणू?

2014 च्या सरकारी सर्वेक्षणात गुजरातमध्ये 15 वर्षांवरचे साधारण 61 टक्के लोक शाकाहारी निघाले. म्हणजे दहातले जवळजवळ चार जण खातात. मग ते राहतात कुठे, त्यांना कोणी घरं दिली? 2021 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या महापालिकेने अंड्याच्या आणि नॉनव्हेजच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, झाका, मुख्य रस्त्यावरून हलवा असं काढलं होतं, आठवतंय ना. अहमदाबादच्या लारीवाल्यांचं प्रकरण डिसेंबरमध्ये हायकोर्टात गेलं तेव्हा कोर्टाने महापालिकेलाच विचारलं होतं की लोकांनी काय खायचं हे तुम्ही कसं ठरवणार. कोर्टाने विचारलं, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण विचारणार?

आणि आपलं शहर आहे म्हणून एक लिहिते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले बाबासाहेब 1917 मध्ये इथे नोकरीला आले, त्यांना या बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. त्यांच्या दुःखापुढे माझं काहीच नाही, मी बरोबरी करत नाहीये. पण घर देताना माणसाची जात आणि चूल तपासायची रीत इथे जुनी आहे आणि आपण मराठी माणसांनी तरी ती उचलू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याच लोकांच्या भाड्याच्या जाहिराती या लिस्टवर येतात, "फक्त शाकाहारी" लिहिलेल्या. त्या वाचताना पोटात गोळा येतो.

मांजलपूरच्या ताई, तुमचं "आपल्यात खात नाहीत" मला अजिबात कमी वाटत नाही. माझंही "आपल्यात खातात" असंच आहे की. आईने दिलं ते आपण धरून ठेवलंय. फक्त तुम्हाला ते खिडकी उघडी ठेवून सांगता येतं.

---

प्रेषक: मांजलपूर

ताई, मागच्या वर्षी आमच्या वरच्या मजल्याची जाहिरात या लिस्टवर होती आणि त्यात त्या दोन शब्दांची ओळ होती. ती आमच्या ह्यांनी टाकली होती, मी वाचली होती आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. भाडेकरू दिवाळीनंतर जातायत. नवीन जाहिरात मी स्वतः लिहिणार आहे आणि ती ओळ त्यात नसेल. ह्यांच्याशी बोलणं झालंय, कुरकुर आहे थोडी, होईल.

---

प्रेषक: वाडी

कारेलीबागच्या ताई, आमचा वाडा स्वतःचा आहे, मागे चूल आहे, शेजारी सगळे ओळखीचे आहेत आणि कोणी काही विचारत नाही. सोडे घेऊन या, लेकीला पण आणा. भिजवायला मोठं पातेलं आहे, खोबरं आमची मंडळी खवून ठेवतील, दोरे काढायला माझी भावजय बसेल तिला पण शिकायचंय. मी खाणार नाही, पण पंगतीत वाढायला उभा राहीन. रविवारी या, शनिवारी एकादशी आहे.