रोजच्या कोडिंगसाठी स्वतःचा एडिटर लिहावा का?

तिरकी_रेघ (धागाकर्ता): लिहावा, आणि तोच वापरावा. काम वाटतं तेवढं मोठं नाही. साल्वातोरे सानफिलिप्पो यांचा ‘किलो’ हा एडिटर (२०१६) सी भाषेत हजार ओळींच्या आत बसतो, बाहेरची एकही लायब्ररी न घेता. आधी टर्मिनल रॉ मोडमध्ये न्या: एको (टाइप केलेलं आपोआप दिसणं) आणि कॅनॉनिकल मोड (ओळ पुरी झाल्यावरच ती प्रोग्रामला देणं) बंद केले की एंटरची वाट न पाहता प्रत्येक कळ हाती येते. आयएक्सऑन (कळांनी आउटपुट थांबवण्याची टर्मिनलची सोय) बंद करायचं राहिलं, तर कंट्रोल-एस दाबल्यावर सेव्ह होण्याऐवजी स्क्रीन गोठते, कंट्रोल-क्यूने सुटते. पूर्ण फ्रेम एका बफरमध्ये जमवून एकदाच राइट करा. ओळीओळीने पाठवली की स्क्रीन लुकलुकते.

अर्धविराम: शिकण्यासाठी जरूर लिहा, पण कामाच्या फाइली त्यात उघडू नका. किलोत अनडू नाही. आणि सेव्ह! फाइल रिकामी करून मग लिहायला घेतली आणि डिस्क भरली, तर जुनंही गेलं, नवंही गेलं. त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरते), मग रिनेम करून मूळ फाइलच्या जागी बसवा. त्यातही मूळ फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी) असेल तर लिंक तुटून तिथे साधी फाइल बसते, परवानग्याही बदलतात. म्हणून आधी खरा पाथ शोधायचा, परवानग्या नव्या फाइलवर चढवायच्या. ‘साधा एडिटर’ इथेच साधा राहत नाही.

पायमोडका: मराठी कॉमेंट लिहिणाऱ्यांसाठी: ‘क्षि’ म्हणजे चार कोडपॉइंट (युनिकोडमधली क्रमांकित चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट, डोळ्यांना एक अक्षर. बाणाच्या कळेने ते एका उडीत ओलांडलं पाहिजे. बॅकस्पेसने मात्र फक्त वेलांटी जावी, नाहीतर एका चुकीसाठी अख्खं जोडाक्षर पुन्हा टाइप करावं लागतं. जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत (२०२३) आला. त्याआधीच्या लायब्ररी हलंतापाशी तोडतात.

तिरकी_रेघ: सेव्हचा मुद्दा मान्य, पण ते पन्नासेक ओळींचं काम आहे. लोक अडकतात ते भलतीकडेच, मजकूर मेमरीत ठेवायला रोप घ्यावा की पीस टेबल (दोन्ही गुंतागुंतीच्या रचना) यात. ओळींचा साधा ॲरे पुरतो. व्हीएस कोडही २०१८ पर्यंत त्यावरच होता; ३५ एमबीच्या, १.३७ कोटी ओळींच्या फाइलला सुमारे ६०० एमबी मेमरी लागू लागली, तेव्हा बदलला. हाताने लिहिलेलं कोड तेवढं नसतं.

अर्धविराम: ॲरे पुरेल, पण लँग्वेज सर्व्हर (कोड समजून एडिटरला सूचना देणारा प्रोग्राम) जोडणार ना? त्याच्याशी बोलायच्या एलएसपी या प्रोटोकॉलमध्ये कॉलम मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. तुम्ही बाइट पाठवलेत तर ओळीत एक ‘क’ आला की पुढचं सगळं दोन घरं सरकतं आणि व्हेरिएबलचं नाव बदलणारा रिनेम भलत्याच जागी घाव घालतो. एलएसपी ३.१७ पासून यूटीएफ-८ मागता येतं, पण सर्व्हरने होकार दिला तरच.

पायमोडका: वापरायचाच असेल तर पहिला महिना फक्त गिटमधल्या रेपोवर. दर सेव्हनंतर गिट डिफ (बदललेल्या ओळींची यादी) पाहा: न शिवलेली ओळ दिसली, तर टॅब, शेवटची न्यूलाइन किंवा सीआर-एलएफ (विंडोजची ओळ संपवणारी चिन्हं) यांपैकी काहीतरी एडिटरने बदललंय.