मदत हवी आहे: वस्तऱ्याआधी लावलेला फेस गालावर टिकत नाही (पुणे)

राठदाढी

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळताना इथे वस्तऱ्याने दाढी करणारे काही जण आहेत असं दिसलं, म्हणून विचारतोय. वस्तरा म्हणजे घडीचा, पट्ट्यावर फिरवायचा. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो नव्हे.

अडचण वस्तरा लावायच्या आधीची आहे. वाटीत फेस ढीगभर होतो. गालावर लावला की मिनिटभरात बुडबुडे फुटायला लागतात, खालची कातडी दिसते आणि कडेने पांढरी पापडी धरते. उजवा गाल कसाबसा उरकतो. डावीकडे वळेपर्यंत तिथला फेस संपलेला असतो. हनुवटी आणि गळा तर विचारूच नका. पातं अडतं, केस ओढले जातात, नंतर तुरटी फिरवली की नुसती आग.

सामान: डुकराच्या केसांचा ब्रश, ट्यूबमधलं साधं क्रीम, स्टीलची वाटी. वस्तरा जुन्या बाजारातला, सोलिंगेनचा छाप असलेला. एका जाणकार माणसाकडून धार लावून घेतलाय. दाढी राठ आहे, नावावरून कळलंच असेल.

पद्धत: उठल्यावर गीझरचं गरम पाणी तोंडावर मारतो, चार थेंब खोबरेल चोळतो (एका व्हिडिओत पाहिलं होतं), त्यावर फेस, आणि लगेच वस्तरा. आंघोळ नंतर.

सदाशिव पेठेत राहत होतो तेव्हा सेफ्टी रेझर वापरायचो. ब्रश हाच, क्रीमही हेच, आणि फेसाची तक्रार कधी नव्हती. आता वाघोलीला राहतो. सोसायटीत बोअर आणि टँकर. हवा कोरडी पडते म्हणून असं होत असेल का? की ब्रश गेला? महागाचं परदेशी क्रीम मागवण्याआधी विचारून घ्यावं म्हटलं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोथरूडकर

वाघोलीला गेलात तेव्हाच दाढी वाढवायला हवी होती.

गंमत सोडा. क्रीम बदलून बघा, बाकी सगळं जागेवर दिसतंय.

रसायनी

क्रीम बदलू नका. पाणी बदला.

पेठांमध्ये नळाला येतं ते खडकवासल्याचं. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून चार धरणांत साठलेलं सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी, म्हणून सुफेन, म्हणजे साबणाचा फेस सहज होणारं. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणतं. दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये मुख्य माल असतो स्टिअरिक आम्लाचा, पोटॅशियमशी जुळवलेला. पोटॅशियममुळे तो मऊ राहतो आणि पाण्यात सहज कालवला जातो. त्यात कॅल्शियम आलं की पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या आतून जो पांढरट राप धरतो तो हाच, आणि तुमच्या गालावरच्या पापडीतही बहुधा तोच आहे. बराचसा साबण फेस व्हायच्या आधीच या चोथ्यात खर्ची पडतो. उरलेल्याचा फुगा होतो खरा, पण तो पाणी धरून ठेवत नाही.

सोसायटीतले लोक 'आमचं पाणी टेस्ट करून घेतलंय' म्हणतील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे रिपोर्टात पास झालेलं पाणीही फेसाची वाट लावू शकतं.

तपासायला सोपं आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं पेलाभर पाणी घ्या. आरओ नसेल तर बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते आणा (पाणीच, ॲसिड नव्हे). ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा. अर्ध्या चेहऱ्याला हा फेस, अर्ध्याला बोअरच्या पाण्याचा. फरक दिसला तर ब्रश निर्दोष सुटला.

उकळूनही काही कठीणपणा जातो, पण बायकार्बोनेटमुळे आलेला तेवढाच. सल्फेट आणि क्लोराइडचा तसाच राहतो. काही जण वाटीत लिंबूफुलाचे दोन-चार कण टाकतात. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे उपयोग होतो. हात सैल सुटला तर मात्र आम्लाने साबणच फाटतो. मी तरी आरओवरच थांबेन, लागतं किती पाणी!

कोथरूडकर

@रसायनी: +१. क्रीमचा सल्ला मागे घेतो.

धोकटी

आमचं घरचं सलून आहे, भवानी पेठेत. पाण्याचं वरच्यांनी सांगितलंच, ते पटलं. वाघोली-उंड्रीकडे दुकान टाकलेले आमचे पाहुणे हेच रडगाणं गातात. पण राठदाढी, तुमच्या पद्धतीत आणखी दोन-तीन गोष्टी खटकल्या.

पहिलं म्हणजे खोबरेल बंद करा. तेलाने फेस बसतो. शिवाय केसावर तेल आलं की पाणी आत जायला वेळ लागतो. लावायचंच असेल तर दाढी झाल्यावर लावा.

दुसरं, घाई. तुम्ही पाणी मारता आणि लगेच वस्तरा लावता. आमचे आजोबा गावी बलुत्यावर काम करायचे तेव्हा धोकटीत (हत्यारांच्या पिशवीत) साबण नसायचाच. वाटीत पाणी आणि हाताची बोटं. दाढी भिजवायची, अंगठ्याने चोळायची, परत भिजवायची. गिऱ्हाईक पेंगायला लागलं की वस्तरा बाहेर. केस मऊ होतो तो पाण्याने. साबण ते पाणी केसाजवळ धरून ठेवतो आणि पातं घसरवतो, बास. म्हणून भिजवण्यात कंजुषी केली तर वर कितीही भारी फेस लावा, पातं अडणारच.

आंघोळ आधी करा, दाढी नंतर. ते जमत नसेल तर साध्या साबणाने तोंड धुवा, म्हणजे कातडीचा तेलकटपणा जाईल, आणि कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं दाबून धरा. कोमट म्हणजे कोमटच. कढत पाण्याने रंध्रं उघडतात वगैरे खरं नाही. कातडी कोरडी पडते आणि लाल होते, मग वस्तरा तिथेच चावतो.

आता फेस. डुकराच्या केसांचा ब्रश आंघोळीला जाताना पाण्यात भिजत घाला. तो पाणी पितो आणि मग नरम येतो. कोरडा वापरला तर फेसातलं पाणीच शोषून घेतो. नंतर ब्रश झटका, पिळून कोरडा करू नका. क्रीम शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं.

वाटीत ढीग होतो म्हणालात ना, तोच घोटाळा आहे. ढीग म्हणजे हवा. दाढीला लागतो तो जड फेस. वाटीत नुसतं कालवून घ्या आणि खरं घोटणं चेहऱ्यावर करा. गोल-गोल फिरवायचं, केसाच्या उलट्या दिशेनेही, म्हणजे खुंट उभे राहतात आणि बुंध्यापर्यंत फेस जातो. मधे-मधे ब्रशचं टोक पाण्यात बुडवायचं, थेंब-थेंब. फेस मॅट दिसतो तोवर त्याला पाणी हवंय. घुसळलेल्या दह्यासारखा झाला, वर चमक आली, बुडबुडा डोळ्याला दिसेनासा झाला की थांबा. चिमटीत घेऊन बोटं चोळून बघा, सुळकन घसरली पाहिजेत. पाणी जास्त झालं तर ओघळायला लागतो, मग ब्रशवर टिकलीएवढं क्रीम घेऊन परत घोटा.

घोटून झाल्यावर दोन मिनिटं काही करू नका. पट्टा तेवढ्यात मारून घ्या.

आणि पंखा बंद! हे कोणीच सांगत नाही. एप्रिल-मे मधली पुण्यातली कोरडी हवा आणि वर पंखा, मग दुकानातसुद्धा फेस सुकतो. नव्या हाताला एका गालाला वेळ लागतो, म्हणून पूर्ण तोंडाला एकदाच फासू नका. एक बाजू करा, मग ओला ब्रश दुसऱ्या बाजूला फिरवा आणि तिकडे वळा.

निसणा

वरचं सगळं मान्य, पण मला अजून वस्तऱ्याचा संशय आहे. जुन्या बाजारातलं पातं, दुसऱ्याने धार लावलेली, आणि धागाकर्ते अजून नवशिके (राग मानू नये). फेस सुकतो ही एक तक्रार झाली. केस ओढले जातात ही दुसरी असू शकते. दोन्हींची गल्लत करून चालणार नाही.

फेस नीट जमला की त्याच फेसात हनुवटीच्या एका बाजूला तुमचा जुना सेफ्टी रेझर नवीन ब्लेड घालून फिरवा, दुसऱ्या बाजूला वस्तरा. रेझर गेला आणि वस्तरा अडला तर फेसाकडे बोट दाखवू नका.

पट्टा किती मारता? चामड्यावर दर दाढीआधी पन्नास-साठ फेऱ्या तरी हव्यात, पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) पट्ट्याला टेकलेली ठेवून. परतताना पातं पाठीवरूनच पलटायचं, धारेवरून पलटलं तर पट्टा कापला जातो आणि धारही वळते. कोनही बघा. वस्तऱ्याची पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दीड-दोन पट उचललेली असावी, साधारण ३० अंश. नवशिके भीतीने जास्त उचलतात आणि मग कापण्याऐवजी खरवडतात. तुरटीने गळ्याला आग होते त्यामागे हेही असू शकतं.

अवांतर: तुरटी दाढीच्या आधीही हाताशी ठेवा. उत्तम फेसाने कातडी इतकी निसरडी होते की ताणायला पकडच मिळत नाही. डाव्या हाताची बोटं पुसून तुरटीवर घासायची आणि फेस नसलेल्या जागी, कानाजवळ वगैरे, धरायचं.

पाषाणवाली

मी दाढीवाली नाही, पण नवऱ्यासाठी धागा वाचतेय. रोज आरओचं पाणी दाढीला वापरायचं म्हणजे घरात भांडण. किती लागतं नक्की?

रसायनी

@पाषाणवाली: ब्रश भिजवायला आणि फेसाला मिळून एक पेला. तोंड आधी बोअरच्या पाण्याने धुतलं असेल तर शेवटचा हबका याच पाण्याचा मारावा, साबणाचा राप कातडीवर राहत नाही. बाकी वस्तरा पुसायला आणि नंतर तोंड धुवायला नळाचं चालेल. भांडणाइतकं पाणी नाही ते.

राठदाढी

सगळ्यांचे आभार. रविवारी सवडीने करून बघितलं. आंघोळ आधी, तेल नाही, पंखा बंद (घरात चौकशी झाली). ब्रश आरओच्या पाण्यात भिजवला. उजव्या गालाला आरओचा फेस, डाव्याला मुद्दाम बोअरचा, तोही धोकटी यांच्या पद्धतीने घोटून.

बोअरचा फेस आधीपेक्षा बरा टिकला, म्हणजे घोटण्याचा आणि थेंब-थेंब पाण्याचा फायदा आहेच. पण आरओच्या फेसाशी तुलनाच नाही. क्रीम कमी लागलं, आणि वाटीत पूर्वीइतका फुगला नसला तरी गालावर ओला राहिला. वस्तरा गालावरून आवाज करत गेला, ओढला नाही. दोन्ही गालांवर तुरटी फिरवली, उजवा गप्प होता.

हनुवटीवर मात्र वस्तरा अडला. निसणा म्हणाले तसं त्याच फेसात सेफ्टी रेझर फिरवला तर तो सहज गेला. पट्टा मी पंचवीसेक फेऱ्या मारत होतो, आता वाढवतो. की सरळ निसण्यावरच (धारेच्या दगडावर) न्यायचा?

निसणा

आधी पट्टा वाढवून बघा. मनगटावरची लव पात्याने हलकेच घेऊन बघा. टाचेपासून (मुठीकडच्या भागापासून) टोकापर्यंत सगळीकडे सारखी निघते का? एखाद्या ठिकाणी निघत नसेल तर तेवढ्या भागाची धार बसलीय, आणि ती पट्ट्याने येणार नाही. लगेच दगडावर घासायची हौस करू नका, चांगलं पातं वाया जाईल.

धोकटी

हनुवटीचे केस सगळ्यात जाड, आणि तिथे दिशाही धड नसते. म्हणून फेस सगळ्यात आधी हनुवटीला आणि ओठावर लावायचा, वस्तरा सगळ्यात शेवटी. गाल आणि गळा होईपर्यंत तिथलं भिजत राहतं. वस्तरा लावायच्या आधी ओल्या ब्रशने परत घोटा. मग खालचा ओठ दातांवर ओढून घ्या, हनुवटी ताणली जाईल. हात लांब चालवू नका. अर्ध्या इंचाच्या वर ओढायचंच नाही, केसाच्या दिशेने. उलटा हात तिथे इतक्यात नको, महिनाभर सुलटाच ठेवा. थोडं खरखरीत राहिलं तरी राहू द्या.

राठदाढी

लव बघितली. टोकाकडच्या भागात निघत नाहीये, मधे आणि टाचेला निघते. हनुवटीला मी टोकच वापरतो.

निसणा

मग सापडलं. तोवर हनुवटीला मधला भाग वापरा. धार कुठे लावून मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.