सगळ्यांना आवडतो, मला नाही: गेमबद्दलची तुमची न पटणारी मतं (अनुभव धागा)

टेकडीवरचा
मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आलाय. आठवीत गेलाय आता. काल जेवणं झाल्यावर फोन माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मामा, एवढं करून दे ना." बघतो तर व्हाइस सिटी! आणि तेच ते मिशन. रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, वर घड्याळ चालू. माझी बोटं तिथेच आखडली.

मग रात्री पडल्यापडल्या विचार केला की आपल्याला हा गेम नक्की आवडायचा का? २००२ चा गेम, आमच्या गावात बराच उशिरा पोचला, तोही कुणाच्या तरी चुलतभावाने आणलेल्या सीडीवरून. शाळेत दुसरा विषय नसायचा. पण खरं सांगू? मिशनं मला तेव्हाही रटाळ वाटायची. मेलात की बंदुका गेल्या, पुन्हा गोळा करा, पुन्हा तिथवर जा. मी पॅन्झर हा चीट कोड टाइप करून रणगाडा काढायचो, पोलीस मागे लागले की लीव्ह मी अलोन हा दुसरा कोड, आणि मग रेडिओ लावून समुद्राकाठच्या रस्त्याने नुसता भटकायचो. संध्याकाळ झाली की आकाश गुलाबी व्हायचं आणि ऐंशीच्या दशकातली गाणी चालू. माझं मत असं की व्हाइस सिटी भटकायला एक नंबर आणि खेळायला कंटाळवाणा. शाळेत हे बोललो असतो तर डबा कुणी शेअर केला नसता.

तुमचीही अशी मतं असतील. टाका इथे. मारामारी झाली तरी चालेल, शिव्या नकोत.

निशाचर
रटाळ? अहो, हॉस्पिटलच्या दारात टॅक्सी उभी असायची की. मिशन फसलं की तीच परत नेऊन सोडायची. बसला नाहीत कधी त्यात?

टेकडीवरचा
बसायचो हो. पण मोकळ्या हाताने टॅक्सीत बसून करू काय, ड्रायव्हरशी गप्पा?

बटाटेवडा२
लोकलमध्ये आहे, पटकन लिहितो. गोळ्या झाडत पळायचा तो कॉन्ट्रा हा दोघांनी खेळायचा गेम नाही. धबधब्याच्या लेव्हलला मोठा भाऊ टणाटण वर जाणार, स्क्रीन त्याच्यामागे सरकणार आणि खालचा फुकट मरणार. त्याच्या लाइफ संपल्या की ए दाबून माझ्या उचलणार, वर आईला सांगणार की "हाच नीट खेळत नाही". गेम कसला, भाऊबंदकी आहे ती. दादर आलं

साडेसाती
आमच्या कॅसेटमध्ये सुरुवातीलाच ३० लाइफ मिळायच्या. त्यामुळे जादा लाइफसाठी वर वर खाली खाली डावं उजवं असा बटणांचा कोड असतो, आणि जगभरची पोरं तो पाठ करतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आधी वाटलं कसलं तरी स्तोत्र आहे.

बाकी त्या ९९९९ इन वन कॅसेटवर वेगळा धागा काढा कुणीतरी. दहा-पंधरा गेम आणि उरलेली सगळी त्यांचीच टोपणनावं.

आळशी_मांजर
मारियोतली पाण्याची लेव्हल. कुणाला आवडते? हात वर करा. २-२ ला पोहलो ते पोहलो, ७-२ ला पुन्हा तीच लेव्हल, फक्त मासे वाढवलेले. आणि अगदी शेवटच्या ८-४ मध्ये सुद्धा मध्येच पाणी. १९८५ साली जागा कमी असायची कॅसेटमध्ये, मान्य, पण मग पाणीच का वाढलं ताटात.

खमंग_काकू
मी गेम खेळणारी नाही, पण विषय दिसला म्हणून लिहिते. माझं मत आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही आईला पटलेलं नाही. पबजी चांगला होता.

आमचा मुलगा तेव्हा अकरावीत. लॉकडाउनमध्ये घर दोन खोल्यांचं, सासरे आजारी, यांचं ऑफिस टेबलावर. हा पोरगा आधी तीन महिने कुणाशी बोलायचा नाही. मग रात्री हेडफोन लावून खेळायला लागला आणि मला स्वयंपाकघरात त्याचं हसणं ऐकू यायला लागलं. "अरे मागे बघ, मागे बघ, मेलास!" असं काय काय. ती चार पोरं एकमेकांना गेममध्येच विचारायची की तुझे बाबा घरी आले का हॉस्पिटलमधून. २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा सगळ्या आया खूष, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. मी गप्प. त्या रात्री आमच्याकडे पुन्हा शांतता.

आता म्हणाल काकू, डोळे, अभ्यास, व्यसन. सगळं खरं आहे, इतर घरांत काय झालं ते मीही ऐकलंय. माझ्या घरात असं झालं एवढंच.

निशाचर
काकू, साष्टांग.

मु_पो_लीड्स
काकू, हे वाचून इथे ऑफिसात डोळ्यांत पाणी. असो. नंतर तो बीजीएमआय नावाने आला ना २०२१ मध्ये? मग पुन्हा २०२२ ला गेला, २०२३ ला पुन्हा आला. जावयासारखं चाललं होतं त्याचं.

खमंग_काकू
तोवर मुलगा इंजिनीअरिंगला गेला, हॉस्टेलला. तिथे काय खेळतो देव जाणे. विचारलं की म्हणतो "आई, तुला नाही कळणार". मला पबजीतल्या एम४१६ आणि एकेएम बंदुकांमधला फरक कळतो म्हणावं.

झिरो_बॉल
पबजीतलं माझं अप्रिय मत: तुम्हा सगळ्यांच्या पहिल्या चिकन डिनरमधले, म्हणजे जिंकलेल्या मॅचमधले, निम्मे लोक बॉट (कॉम्प्युटरने चालवलेले) होते. मोबाइलवर नव्या खेळाडूंच्या मॅचमध्ये बॉट भरायचे. भिंतीसमोर उभे राहून गोळ्या कुठे झाडायचे ते आठवा. ते स्क्रीनशॉट अजून डीपीला लावणारे लोक आहेत.

दुसरं, आणि यावर मला मार पडणार हे माहीत आहे. ईए कंपनीचा क्रिकेट ०७ हा भारी गेम नाही. आपल्याकडे दुसरा नव्हता म्हणून भारी. एकदा टायमिंग जमलं की कव्हरच्या डोक्यावरून प्रत्येक बॉल सिक्स. बोलर कोण, पिच कसं, काही फरक नाही. परवाना नसल्याने आपल्या टीमची नावं सुद्धा खरी नव्हती, ती आपणच बसून बदलायची. ईए ने त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही, आणि लोक अजून दर आयपीएलला त्याच सांगाड्यावर नव्या जर्सी चढवून खेळतात. त्या पॅच करणाऱ्यांना माझा सलाम. गेमला नाही.

बटाटेवडा२
घरी पोचलो. झिरो_बॉल, तुझं नावच सांगतंय तू कसा खेळायचास ते

झिरो_बॉल
खिक्क. ब्रायन लारा २००७ या गेममध्ये निदान स्पिन कळायचा.

पोटमाळा
टीव्हीवरची बदकं बंदुकीने टिपायचा डक हंट मला अजून आवडतो, तो कुत्रा सोडून. चुकलं की गवतातून डोकं काढून हसतो. त्याला गोळी मारता येत नाही हा गेमिंगमधला सर्वांत मोठा अन्याय.

एक शंका. आमची जुनी बंदूक सापडली परवा, टीव्हीला जोडली (नवा, सपाट), चित्र येतं पण एकही बदक पडेना. बंदूक गेली का?

निशाचर
बंदुकीचं नका टेन्शन घेऊ, बहुतेक टीव्हीमुळे. ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की क्षणभर पूर्ण पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या तोंडातल्या सेन्सरला आधी काळं आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. हा सगळा हिशोब जुन्या डब्बा टीव्हीच्या वेगावर बसवलेला. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर गेमने निकाल लावलेला असतो.

साडेसाती
म्हणून बल्बकडे धरून खेळणं जमायचं नाही होय! आम्ही लहानपणी ट्यूबलाइटवर किती नेम धरले.

निशाचर
हो, काळा पडदा त्याचसाठी. कायम उजेडच दिसला तर चोरी पकडली जाते.

पोटमाळा
धन्यवाद. आता डब्बा टीव्ही शोधणे आले. भंगारवाला म्हणतो दिसला तर सांगतो.

मु_पो_लीड्स
माझं: रेड डेड रिडेम्प्शन २. लोक म्हणतात महाकाव्य. मुलं झोपल्यावर मला रात्री पाऊण तास मिळतो. त्यात गेमचा नायक आर्थर मॉर्गनने घोड्याला खरारा करायचा, दाढी वाढली तर ती बघायची, हरीण मारलं की त्याचं कातडं निगुतीने सोलायचं, मग ते घोड्यावर लादायचं. प्रत्येक कपाट उघडताना हात हळूच पुढे. पाऊण तास संपला, मी एक हरीण सोललं. भांडी घासून झोपलो. घरची कामं कमी आहेत का की हा अजून घोडा सांभाळू.

आळशी_मांजर
अहो दादा, पण तेच तर आहे ना त्यात!! घाई करायचीच नाही. मी तर मिशन सोडून मासे पकडत बसायचे. शेवट माहितीये ना तुम्हाला? त्या संथपणाशिवाय तो शेवट लागलाच नसता मनाला. आर्थरबद्दल इथे कुणी वाईट बोलायचं नाही.

मु_पो_लीड्स
शेवटापर्यंत पोचलोच नाही ताई. शेवट सांगू नका, धाकटी कॉलेजला गेली की खेळेन.

हळदीचं_दूध
एल्डन रिंग या अवघड गेमबद्दल बोलायचंय. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय माझं, बोटं चालतात पण पटापट दाबणं जमत नाही. कुठेही म्हटलं की यात सोपा मोड हवा होता, की लगेच "जमत नाही तर खेळू नका", "मग मजा काय". मजा काय ते मी ठरवते ना. सेलेस्ट आहे, २०१८ चा, उड्यांचा गेम. त्यात असिस्ट मोड आहे. वेग कमी करा, हवं तर मरणं बंद करा. म्हणून सेलेस्टला कुणी सोपा म्हणतं का? ज्यांना घाम गाळायचाय ते गाळतात अजून.

मला त्या जगात फिरायचं होतं. ते सोनेरी झाड लांबूनच दिसतं, त्याच्या पायथ्याशी जायचं होतं. पहिल्याच किल्ल्याच्या दारात मार्गिट नावाचा तगडा शत्रू उभा. तिथेच राहिले.

निशाचर
हळदीचं_दूध, पटतं पण थोडं भांडतो. सोपा मोड आत लपलेला आहे. राखेतून आत्मे बोलावता येतात, ते लढतात आपण लांब उभे. दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावता येतं. मार्गिटला बगल देऊन किल्ल्याच्या बाजूने पुढे जाता येतं, दक्षिणेला फिरून लेव्हल वाढवून परत येता येतं. गेमचा दिग्दर्शक मियाझाकीने सोपा मोड दिलाय, फक्त मेनूत त्याचं नाव नाही लिहिलं.

हळदीचं_दूध
मग लिहायला काय झालं होतं?

निशाचर
याला उत्तर नाही माझ्याकडे.
(बाजूच्या रस्त्याचं खरंच करून बघा. अडलात तर मेसेज करा, मी येतो मदतीला. रात्री जागाच असतो, नाव बघा.)

साडेसाती
विचर ३. मुलगी हरवलीय, जग बुडतंय, आणि मी खानावळीत पत्ते कुटतोय. तलवारबाजी ठीकठाक, ग्वेंट (त्यातला पत्त्यांचा खेळ) अप्रतिम. एवढंच मत.

खमंग_काकू
पत्त्यांवरून आठवलं, लुडो किंग. नवी मुंबईत बनलाय हे आत्ताच कळलं. आमच्या सासूबाई ठाम म्हणायच्या की त्यातला फासा लबाड आहे, त्यांना मुद्दाम सहा देत नाही.

झिरो_बॉल
काकू, दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. लाकडी फाशालाही. रोज खेळलं की आठवड्यात एखाद्या डावात असं होणारच, आणि तेच लक्षात राहतं.

खमंग_काकू
हे त्यांना सांगायला तू ये. मी नाही सांगणार.

पुलाखाली
उशिरा आलो. राजी हा गेम कुणी खेळलंय का? २०२० चा, आपल्या पुण्यात बनलेला. भारतीय गेम म्हणून सगळीकडे कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. भिंतीवरची चित्रं, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, राजस्थानी महाल, बघत राहावं. पण मारामारी थोड्या वेळाने तीच ती, आणि शेवट अचानक, पुस्तकाची पानं फाटल्यासारखा. हे मी पुण्यात राहून बोललो तर लोक म्हणतात तू देशद्रोही. अरे, आपलं आहे म्हणूनच बोलतोय ना.

अजून एक जुनं दुखणं. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये एकेक संस्कृती निवडून राज्य उभारायचं आणि लढायचं, त्यात आधी सगळा भारत एकच संस्कृती होता. २०२२ मध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर आले. मराठे कुठे आहेत?

टेकडीवरचा
काळात बसत नाहीत ना. दुसरा भाग मध्ययुगाचा, महाराजांचा काळ त्याच्या पुढचा. तिसऱ्या भागात बसले असते, २००७ च्या एशियन डायनॅस्टीजमध्ये. तिथे शिपाई, गुरखा, राजपूत सगळे आहेत, गायी मारता येत नाहीत एवढा विचार केलाय, पण मावळा नाही.

पुलाखाली
काळ बिळ ठीक, पण चढाईसाठी घोरपड हवीच होती.

बटाटेवडा२
एज खेळणारे आहेत का इथे अजून? डेफिनिटिव्ह एडिशन (नवी आवृत्ती) आहे माझ्याकडे. रविवारी रात्री दहा?

साडेसाती
मी आहे. ब्लॅक फॉरेस्टचा जंगलवाला नकाशा नको फक्त. दोन तास झाडं तोडायची आणि मग झोप येते.

पुलाखाली
ब्लॅक फॉरेस्ट नको!? टेकडीवरचा, हे मत धाग्यात वर टाका, यापेक्षा न पटणारं अजून आलं नाही.

मु_पो_लीड्स
रविवारी तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच, मुलांच्या जेवणाची वेळ. अकराला ठेवलंत तर येतो. मध्येच माझा गाव पाच मिनिटं नुसता उभा दिसला तर हल्ला करू नका, भात बघायला गेलेलो असेन.

झिरो_बॉल
तेव्हाच करणार.